काळ्या फोटोंचा नेम

दुर्बिणीच्या कॅमेऱ्याचं शटर बंद ठेवून फोटो काढला, तर त्यात काहीच दिसता कामा नये. आणि ते 'काहीच नाही' रोज दुपारी अडीच वाजता डोळ्यांनी बघायचं, हे त्या वेधशाळेत एकाच बाईचं काम होतं.

तिला सगळे पाहिलेबाई म्हणत. कारण तिची वही. जाड पुठ्ठ्याची, रेघांची, कोपरे गोल झालेली. दहा काळे फोटो मोठ्या स्क्रीनवर लावायचे, कॅमेऱ्याच्या चाळीसही चिपांवर सावकाश नजर फिरवायची आणि तारखेपुढे एकच शब्द लिहायचा: पाहिले. खाली सही. अकरा वर्षं हे चाललं होतं. संगणक तेच काम तिच्याआधी चार मिनिटांत करून मोकळा होत असे.

"मग तुम्ही कशाला डोळे फोडून घेता?" नवीन आलेलं कुणीतरी विचारायचंच.

"माझेच आहेत ना? फोडू दे," असं म्हणून ती हसायची आणि पुढची चिप लावायची.

नेम होता तो तिचा. नेमाला कारण विचारत नाहीत.

कॅमेऱ्याचं काम तसं सोपं. आभाळाच्या एकाच तुकड्याचे वीस-वीस मिनिटांनी चार फोटो काढायचे. तारे जागचे हलत नाहीत. जो ठिपका चारही फोटोंत थोडा थोडा पुढे सरकलेला दिसतो, तो लघुग्रह. पण चिपांवरच्या कोट्यवधी पिक्सेलांतले काही आजारी असतात, अंधारातही उजेड दिसल्याची खोटी वर्दी देतात. म्हणून महिन्याच्या पहिल्या तारखेला संगणक काळे फोटो तपासून आजारी पिक्सेलांची यादी करतो आणि पुढे महिनाभर त्या जागांकडे पाठ फिरवतो. रोजच्या फोटोंत त्या जागा आजूबाजूच्या रंगानं लिंपलेल्या असतात, भिंतीतली भोकं बुजवावीत तशा. फक्त पहिल्या तारखेला तेवढे फोटो उघडे, न लिंपलेले बघायला मिळतात.

आज पहिली तारीख होती.

सतराव्या चिपेवर तिची नजर थांबली. तिथं अंधार नव्हता. अर्ध्या चंद्रासारखा एक फिकट डाग सतराव्या चिपेवर सुरू होऊन अठरावीवर संपत होता. तिनं चष्मा पुसला. डाग होता तिथंच होता.

असा आकार तिच्या ओळखीचा होता. दीड महिन्यापूर्वी कॅमेरा उघडला होता, तेव्हा आत शटरच्या मागे तिनं स्वतःच्या हातानं हवेतली ओल मोजणारं एक बारकं यंत्र चिकटवलं होतं. त्यावर तांदळाच्या दाण्याएवढा दिवा. त्या दिव्यावर तिनं काळी चिकटपट्टी लावली होती, अंगठ्यानं दोनदा दाबून. आतल्या थंडीनं पट्टी वाळून उचकटली असणार.

तिनं उठून कॅमेऱ्याच्या खोलीत जाऊन त्या यंत्राची पिन बाहेरूनच काढली, परत येऊन एक काळा फोटो घेतला. डाग गेला. सतरावी आणि अठरावी दोन्ही काळ्या, स्वच्छ.

"चला, सापडलं," ती स्वतःशीच म्हणाली. आणि मग, केवळ खात्री म्हणून, तिनं मागच्या महिन्याची यादी उघडली.

यादीतही तोच अर्धा चंद्र होता. संगणकानं त्या दिव्याच्या उजेडाला आजारी पिक्सेल समजून दोन चिपांची जवळजवळ अख्खी जागा बाद केली होती. काल नाही, परवा नाही. तीस दिवसांपूर्वी. तीस रात्रींत आभाळ मोकळं असेल तेव्हा कॅमेऱ्यानं तिकडचे फोटो काढले होते आणि संगणकानं ते न बघताच पुढं ढकलले होते.

तिनं वही ओढली. बोट तीस ओळी वर गेलं.

पाहिले. खाली तिची सही.

त्या दिवशी सासूबाईंच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. जायचं होतं धाकट्या दिरानं. भाऊजी इथंच खालच्या मजल्यावर डेटा रूम सांभाळत. पण ऐन वेळी त्यांच्याकडचं एक यंत्र बंद पडलं आणि त्यांचा फोन आला, "वहिनी, तुम्ही जाल का? मला हलता येत नाही." काळे फोटो तेव्हा नुकते स्क्रीनवर लागत होते. तिनं शब्द लिहिला, सही केली, येऊन बघू म्हणाली आणि पर्स उचलली. यायला सात वाजले. दोन दिवस तो शब्द मनाला टोचला. तिसऱ्या दिवशी टोक बोथट झालं. पुढे तर तिला वाटायलाच लागलं की आपण पाहिलं असणार.

नेम मोडला तर त्याला काहीतरी प्रायश्चित्त असतं. मोडलेला नेम पाळला म्हणून लिहून ठेवला, तर काय असतं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

घड्याळात साडेतीन झाले होते.

डेटा रूममध्ये पंख्यांची एकसारखी घरघर चालू होती. भाऊजी कानाला मफलर गुंडाळून बसले होते. तिथं यंत्रांना थंडी लागायची म्हणून माणसांनाही लागायची.

"या, पाहिलेबाई! आज काय, काळ्यात काही काळं दिसलं?"

"भाऊजी, मूळ फोटो किती दिवस ठेवता तुम्ही?"

"तीस रात्री. आज संध्याकाळी सहाला सर्वांत जुनी रात्र पुसली जाईल, मग आजच्या रात्रीला जागा. का?"

तिनं सगळं सांगितलं. सांगताना आवाज चढला नाही, नेहमीप्रमाणेच हळू राहिला. पण भाऊजींनी मफलर सोडला.

"म्हणजे आज सहाला जी रात्र पुसली जाणार, तीच पहिली आंधळी रात्र?"

"तीच. पुसणं थांबवा."

"कसं थांबवू? गेल्या वर्षी मी शहाणपणा करून थांबवलं होतं, आठवतं ना? साठवण भरली आणि मध्यरात्री कॅमेरा बंद. तेव्हापासून कुलूप खुद्द प्रमुखांच्या, मोठ्या बाईंच्या हातात. बिघाडाचा कागद लागतो. त्यावर बिघाड केव्हा सुरू झाला ती तारीख आणि बाईंची सही. त्या तारखेपासूनच्या रात्री राखल्या जातात. त्याआधीच्या नाही."

"तर मग गेल्या महिन्याची पहिली तारीख लिहू."

भाऊजींनी उठून दार लोटलं.

"वहिनी, ऐका. दहा दिवसांपूर्वी आरसा धुवायला क्रेन लावली होती. सगळी इमारत हादरली होती, कप फुटले होते. पट्टी त्या हादऱ्यात सुटली. झालं! दहा दिवस मागची तारीख लिहा. वीस रात्री राखल्या जातील आणि तुमच्या वहीकडे कुणी बोट करणार नाही."

"वीस कशा? दहा."

"बरं, दहा. गणितात चुकलो म्हणून मुद्दा चुकत नाही."

"आणि यादी? तिच्यात गेल्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून डाग आहे."

"आज नवी यादी केलीत की जुनी आपोआप जाते. संगणकाला ते काम तुम्हीच लावता. झाकली मूठ सव्वा लाखाची, वहिनी. तुमचा कायम करायचा कागद मोठ्या बाईंच्या टेबलावर पडलाय. अकरा वर्षं दरवर्षी नव्यानं करार करताय. या आठवड्यात सही व्हायची आहे. आणि कशासाठी घालवणार? चाळिसातल्या दोन चिपा. एवढ्या मोठ्या आभाळात बोटभर जागा!"

"आपण पाहिलं म्हणून कळवलं की बाकीच्या वेधशाळा तिकडं बघत नाहीत, भाऊजी. बोटभर असेल, पण त्या बोटभर जागेकडं महिनाभर जगात कुणीही बघितलेलं नाही. माझ्या शब्दावर."

"तुम्ही कुणासाठी गेला होतात? माझ्या आईसाठी. जायला मी हवा होतो." त्यांनी मफलर पुन्हा गळ्याशी ओढला. "मला हे बघवणार नाही."

"तुम्हाला कुठं बघायचंय? बघायचं काम माझं."

ती उठली. पण पाय मोठ्या बाईंच्या खोलीकडं वळले नाहीत. ते आपल्याच टेबलाशी आले.

बिघाडाचा कागद समोर घेतला. नाव लिहिलं. यंत्राचं नाव लिहिलं. कारण लिहिलं: दिव्यावरची पट्टी सुटणे. मग तारखेच्या चौकोनाशी पेन अडलं ते अडलंच. भाऊजींचं म्हणणं खोटं होतं, पण इतकं सोयीचं खोटं होतं की ते खरंच घडलं असावं असं वाटत होतं. क्रेन आली होती. कप फुटले होते. तिनं स्वतः काचा गोळा केल्या होत्या.

पावणेपाचला फोन वाजला. सासूबाई.

"अगं, येताना लांब दांड्याचा झाडू आण."

"झाडू? आता कशाला, आई?"

"कशाला काय! डोळा नीट झाला तसं एकेक दिसायला लागलंय. स्वयंपाकघराच्या छताला ही एवढी जाळी! आणि मी सहा महिने सगळ्यांना सांगतेय, माझ्या सुनेचं घर कसं लख्ख! म्हटलं, धन्य ती सून आणि धन्य मी आंधळी!"

एरवी ती हसली असती.

"आई, तुम्हाला दिसत नव्हतं तेव्हा तुम्ही लख्ख कशाला म्हणायचात?"

"तू म्हणायचीस झाडलंय म्हणून. तुझ्या शब्दावर म्हणायचे, दुसरं काय?" पलीकडं भांडं ठेवल्याचा आवाज आला. "झाडू विसरू नकोस. आणि खोकला झालाय का तुला? आवाज असा काय?"

"नाही, आई. ठेवते."

फोन ठेवला तरी हात त्याच्यावरच राहिला. मग तिनं वही उघडली. तीस ओळी वर, त्या जुन्या 'पाहिले'च्या पुढं थोडी जागा होती. खाडाखोड तिनं अकरा वर्षांत केली नव्हती, आताही केली नाही. पुढं फक्त एक शब्द लिहिला, आजची तारीख टाकली.

पाहिले नव्हते.

मग कागदावरच्या चौकोनात खरी तारीख भरली.

मोठ्या बाईंच्या दारावर चिठ्ठी होती: सहापर्यंत कुणी येऊ नये. आतून त्यांचा ठाम, तुटक आवाज येत होता. दुसऱ्या वेधशाळांबरोबर बैठक चालली होती. बाहेर बसलेल्या कारकुनानं घड्याळ दाखवलं. पाच वाजून एकतीस.

"सहाला जा आत."

"सहाला उशीर झालेला असेल."

"मला ओरडा खायला लावू नका, पाहिलेबाई. मागच्या वेळी चहा घेऊन गेलेल्याला त्यांनी चहासकट बाहेर काढलं."

ती बाकावर बसली. वही मांडीवर. भिंतीवरचा काटा एकेक घर पुढं सरकत होता. पाच चौतीस. तिच्या मनात आलं, थांबलं तर? दार बंद होतं, चिठ्ठी होती, कारकुनानं अडवलं होतं. सहा वाजले असते, रात्र आपोआप पुसली गेली असती, आणि तिनं तर खरं लिहिलेलं होतं! दोष कुणाचाच नाही. खोटं बोलण्यापेक्षा हे सोपं होतं. नुसतं बसून राहायचं होतं.

पाच अडतीसला ती उठली आणि कारकून खुर्चीतून अर्धा उठायच्या आत तिनं दार ढकललं.

मोठ्या बाईंनी मान वळवली. स्क्रीनवरचे पाच-सहा अनोळखी चेहरेही थांबले. बाईंनी आवाजाचं बटण बंद केलं.

"आग लागलीय?"

"नाही."

"मग वाचता येत नाही?"

"बाई, महिनाभर आपण दोन चिपांएवढं आभाळ न बघता बघितलं म्हणून कळवतोय."

मोठ्या बाईंचा चेहरा हलला नाही. त्यांनी फक्त पेन खाली ठेवलं.

"केव्हापासून?"

हाच तो प्रश्न. तिनं वही उघडून समोर ठेवली, त्या ओळीवर बोट ठेवलं आणि बोटाखाली कागद सरकवला. बाईंनी ओळ वाचली. एकदा वाचली, मग चष्मा काढून पुन्हा वाचली.

"हा दुसरा शब्द आजचा."

"हो."

"पहिला खोटा होता."

"हो."

"सहाला पुसलं जातं," बाई स्वतःशीच म्हणाल्या आणि पुढचं बोलणं त्यांनी पेनाला बोलायला लावलं. सही इतकी जोरात झाली की कागद फाटला. गळ्यातली किल्ली काढून दिली. "पळा. बाकीचं मागून."

लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर अडकून बसली होती. ती जिन्यानं उतरली, एका हातात कागद, एका हातात किल्ली. डेटा रूमच्या दारात पोचली तेव्हा छातीचा भाता झाला होता. भाऊजी उभेच होते. कागदावरची तारीख त्यांनी वाचली आणि डोळे मिटले.

"ऐकलं नाहीतच."

"आधी थांबवा. मग रागवा."

किल्ली फिरली. कळफलकावर भाऊजींची बोटं चालली. यंत्रानं तारीख विचारली, ती दिली. मग कागदाचा क्रमांक विचारला. नेमका क्रमांकावरूनच बाईंची सही फाडत गेली होती.

"सात की एक? वहिनी, हे सात आहे की एक?"

"चुकलं तर?"

"एकदा चुकलं तरी अर्धा तास बंद."

पाच छप्पन्न. तिनं कागद दिव्यासमोर धरला. फाटलेल्या कडा बोटांनी जुळवल्या आणि नजर तिथंच रोखली. अकरा वर्षांची सवय होती.

"सात. वर आडवी रेघ आहे, अर्धी."

"नक्की?"

"पाहिलं मी."

भाऊजींनी सात दाबला. क्षणभर नुसती पंख्यांची घरघर. मग स्क्रीनवर एक बारकी ओळ आली: रात्र १ राखून ठेवली.

भाऊजी मटकन खुर्चीत बसले. मफलरनं तोंड पुसलं. "माझ्या आईला एकच शहाणी सून मिळाली," ते म्हणाले, "आणि तीही अशी वेडी."

यंत्राला दोन चिपांच्या तीस रात्री पुन्हा चाळायला दीड तास लागणार होता. मोठ्या बाई बैठक उरकून स्वतः खाली आल्या. डेटा रूममध्ये त्या कधी येत नसत. उभ्याच राहिल्या.

"तो तुमचा कायमचा कागद," त्या म्हणाल्या, "मी परत घेतलाय. वर्षभर तरी निघणार नाही."

"हो, बाई."

"उद्यापासून वहीत दोघांच्या सह्या. तुमची आणि आणखी एकाची."

"हो."

"बाई, चूक माझीही..." भाऊजी मध्येच बोलायला गेले.

"तुम्हाला कुणी विचारलं?" बाईंनी त्यांच्याकडं बघितलंही नाही.

स्क्रीनवर आकडे वाहत होते. त्या दोन चिपांतून आधी अकरा ओळखीचे लघुग्रह निघाले, नाव-गाव ठाऊक असलेले, ठरल्या वेळी ठरल्या जागी. तिचा जीव जरा खाली पडला. काही नव्हतंच तर. उगाच. मग बारावी ओळ आली आणि नावाच्या जागी काहीच नव्हतं.

बाई पुढं झाल्या.

पहिल्या रात्री चार ठिपके. दुसऱ्या रात्री कॅमेरा त्या बाजूला नव्हता, तिसऱ्या रात्री पुन्हा चार. चौथीपासून आठवडाभर ढग, कॅमेरा बंदच होता. पुढं काहीच नाही. दोन्ही रात्री ठिपके आपल्या जागेवरून फारसे हलले नव्हते, जेमतेम केसभर. त्या अर्ध्या चंद्राच्या आतच राहिले होते.

"इतका हळू?" भाऊजी पुटपुटले. "म्हणजे लांब असणार."

"नाही," ती म्हणाली. "सरळ अंगावर येणारं माणूस डावीकडं-उजवीकडं सरकताना दिसतं का?"

बाईंनी वाटेचं गणित लावलं. दोन रात्री, आठ ठिपके, तेवढ्यावर जेमतेम जुळत होतं. आकडा आला, तो बाईंनी दोनदा तपासला. मग हात मागं घेतले.

"गेला," त्या म्हणाल्या.

"गेला म्हणजे?"

"गेल्या महिन्यात. नऊ तारखेला. आपल्या आणि चंद्राच्या मधून. चारमजली इमारतीएवढा असावा."

नऊ तारखेला काय केलं होतं आपण? तिला आठवेना. सासूबाईंच्या डोळ्यात औषध घातलं असेल. भाजी निवडली असेल. कपडे वाळत घातले असतील. आणि वर, ढगांच्या पलीकडून, तिच्या एका शब्दाआडून, तो येऊन गेला होता.

"परत येईल?" भाऊजींनी विचारलं.

"येईल. केव्हा, ते आता काढता येईल. दुसऱ्या वेधशाळांना वाट दिली की त्या शोधतील. पहिली रात्र गेली असती, तर एका रात्रीच्या चार ठिपक्यांवरून वाट निघाली नसती." बाईंनी एवढंच सांगितलं. शाबासकी दिली नाही. तिनं अपेक्षिलीही नव्हती.

जाता जाता त्या दाराशी थांबल्या. परत आल्या, काखेतली ती जाड वही काढून टेबलावर ठेवली आणि आजच्या तारखेची ओळ उघडली. ती ओळ अजून कोरीच होती. दुपारपासून लिहायचं राहून गेलं होतं.

"कळवण्याआधी माणसाच्या डोळ्यांनी बघायचा नियम आहे," बाई म्हणाल्या. "बसा."

ती बसली. तिनं चष्मा पुसला. पहिल्या रात्रीचा पहिला फोटो लावला, मग दुसरा, मग तिसरा, मग चौथा. ठिपका केसभर सरकला. तिनं पुन्हा पहिल्यापासून लावले. भाऊजींना वाटलं झालं, त्यांनी पेन पुढं केलं. तिनं मान हलवली आणि तिसऱ्या रात्रीचे चार लावले. बाहेर कारकून दिवे मालवत निघाला होता. बाई घड्याळाकडं न बघता उभ्या होत्या.

आठवा फोटो बघून झाल्यावर तिनं पेन घेतलं, आणि लिहिलं.